साक्षीवाल्याचा दिवा

विहिरीत आधी दिवा सोडायचा, मग पाय, हा विहिरी उपसणाऱ्या त्या घराचा नियम होता. त्या घरच्या सुनेचा सासरा एका बुजलेल्या विहिरीतला गाळ काढायला उतरला आणि गाळासारखाच वर काढावा लागला, तेव्हापासून तो पाळला जात होता. खाली हवा चांगली असली तर कंदील जळत राहतो, वाईट असली तर विझतो. विझला की कुणी उतरायचं नाही. वरून पाणी ओतायचं, झाडाच्या फांद्या दोराला बांधून वरखाली करायच्या, कोंडलेली हवा हलवायची आणि पुन्हा कंदील सोडून बघायचा. दुधाने तोंड पोळलेलं घर ते, ताकसुद्धा फुंकूनच पिणार.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत हे नीट चाललं होतं. मग एके दिवशी कामाच्या घाईत कंदिलाची काच फुटली. घरातला थोरला मुलगा म्हणाला, जाऊ दे, एका दिवसाने काय होतंय, आणि तसाच उतरला. तो अर्ध्यावर असताना बाजूचा एक दगड निसटला आणि त्याच्या कानाला घासून खाली गेला. कान सोलला, डोकं वाचलं. त्या रविवारी उपासनेत तो साक्ष द्यायला उभा राहिला. बोलायची सवय नाही, दोन वाक्यं बोलून बसायचं असं घरून ठरवून आला होता. “माझा कंदील फुटला होता. मी प्रभूचं नाव घेऊन उतरलो आणि जिवंत वर आलो.” इथे थांबला असता तर बरं होतं. पण सगळी मंडळी मान वर करून बघत होती, आणि बोलण्याच्या भरात तिसरं वाक्य निघून गेलं. “इथून पुढे मला कंदील नको. प्रभूच माझा दिवा.”

“आमेन!” म्हणून छप्पर दणाणलं. घंटावाले काका, म्हणजे मंडळीतले वडील आणि घंटेचे मालक असल्यासारखे वागणारे गृहस्थ, त्यांनी तर त्याला मिठीच मारली. पुढच्या रविवारी पाळकसाहेब त्याला शेजारच्या गावी साक्ष द्यायला घेऊन गेले, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एका गावी. थोरल्याचं नाव मागे पडलं आणि त्याला सगळे साक्षीवाला म्हणू लागले. नंतर एकदा त्याने सवयीने कंदील उचलला, तर बांधावरून कुणीतरी हसत विचारलं, “काय साक्षीवाले, विश्वास आटला वाटतं?” त्याने कंदील ठेवून दिला. पुन्हा त्याला हात लावला नाही.

हात लावला तो त्याच्या बायकोने. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सारं गावच तिला वहिनी म्हणत असे. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शेंबूड पुसायला तिचाच पदर शोधायचा. आता तो नवऱ्याच्या बरोबरीने विहिरीवर दोर ओढत होता आणि भावाची साक्ष शब्द न चुकता म्हणून दाखवत होता. “वहिनी, दादासारखा विश्वास हजारात एकाचा,” असं तो म्हणाला की ती त्याला पाणी आणायला पिटाळायची.

तिने सोय केली होती. नवऱ्याच्या आधी उठायचं, हत्यारं पुढे नेऊन ठेवते म्हणायचं, टोपलीच्या तळाशी पोत्याखाली कंदील दडवायचा आणि विहिरीवर कुणी यायच्या आत तो खाली सोडून बघायचा. दोर सोडताना ती पुटपुटायची, “प्रभू, तुझ्यावर विश्वास आहे. पण मला बघू दे.” आणि दोन्ही गोष्टींची तिला भीती वाटायची. न बघितलं तर नवरा जाईल. बघितलं, तर देव म्हणेल, तुझा माझ्यावर भरवसा नाही ना, मग घे. नवऱ्याच्या विश्वासाला आपल्या अविश्वासाने भोक पडतंय आणि त्या भोकातून एक दिवस सगळंच निसटणार, असं तिला कामाच्या मधेच वाटायचं. मग हातातली बादली हिंदकळायची आणि धाकटा ओरडायचा, “लक्ष कुठंय तुझं?”

एकदा कंदील विझला होता. त्या दिवशी वहिनीच्या पोटात असं दुखू लागलं की ती विहिरीच्या काठावरच गडाबडा लोळली. तिला सावलीत निजवलं गेलं, काम थांबलं. निजल्या निजल्या तिने धाकट्याला सांगितलं, “रिकामा बसू नको, गाळ भिजायला शंभर बादल्या ओत.” त्याने कुरकुरत ओतल्या. दुसऱ्या दिवशी कंदील जळला, पोटही बरं झालं, आणि साक्षीवाला गाणं म्हणत उतरला. मंडळीने तेही प्रभूच्या खात्यावर टाकलं. वहिनीची हरकत नव्हती. नवरा रोज संध्याकाळी पाय धुऊन घरात यावा, मग नाव कुणाचं का होईना.

या वर्षी उन्हाळा लवकर तापला. वरच्या वस्तीतल्या बाया लांबून डोक्यावर पाणी आणू लागल्या, त्यातली एक दिवस गेलेली बाई वाटेत पडली. रविवारी पाळकसाहेबांनी विषय काढला. बंद पडलेल्या गिरणीमागे एक जुनी विहीर होती. वर फळ्या ठोकलेल्या, वर्षानुवर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं. तिचा गाळ काढला तर वस्तीला पाणी मिळेल. मंडळीने हे सत्कृत्य म्हणून करावं, नुसत्या तोंडाच्या प्रार्थनेने कुणाची घागर भरत नाही, असं ते म्हणाले आणि चांगलं म्हणाले. सगळ्यांचे डोळे साक्षीवाल्याकडे वळले. तो उठला आणि म्हणाला, “उतरीन.”

घंटावाले काका लगेच उभे राहिले. “मग परवाच साऱ्या मंडळीने तिथे जायचं! आदल्या संध्याकाळपासून विहिरीवर साखळी प्रार्थना. एक गट उठेल, दुसरा बसेल. विहीर एक क्षणही रिकामी ठेवायची नाही.”

वहिनीने लगेच हिशेब केला. विहीर रिकामी नाही, म्हणजे पहाटे तिथे माणसं असणार. म्हणजे कंदील सोडता येणार नाही. या लोकांच्या प्रार्थनेनेच तिची वाट अडवली होती, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती भांडी तशीच टाकून पाळकसाहेबांकडे गेली. ते ओट्यावर चपलेचा अंगठा शिवत बसले होते. सुई दाताने ओढत म्हणाले, “बस, वहिनी.”

“एक विचारू? दिवा सोडून बघणं म्हणजे अविश्वास का?”

पाळकसाहेबांनी सुई खाली ठेवली. “माणूस आपल्या कृत्यांनी तरत नाही. तरतो तो विश्वासाने. हे तर तू लहानपणापासून ऐकत आलीस.”

“स्वर्गाचं नाही हो विचारत. विहिरीतून वर यायचं विचारते.”

ते हसले नाहीत. “खरं सांगू? मी स्वतः असतो तर दहा दिवे सोडले असते. पण त्याचा विश्वास माझ्याहून मोठा आहे. मी त्याला कोणत्या तोंडाने अडवू?”

“तुम्ही सांगितलं तर ऐकतील ते.”

“आणि गावोगाव ज्यांनी त्याची साक्ष ऐकली, त्यांना काय सांगू? मीच नेलं होतं त्याला.” त्यांनी पुन्हा सुई उचलली, पण तिला दोरा नव्हता. हा माणूसही घाबरलाय, हे वहिनीला तेव्हा कळलं, आणि तिची उरलीसुरली उमेद गेली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला ताट वाढलं. तो घास नुसता फिरवत होता.

“अहो, उद्या एकदा कंदील सोडून बघू या का?”

“सगळ्यांसमोर?”

“बाहेरून कुणी वाईट हवेचं सांगितलं असं म्हणू. माझ्यावर ढकला. बायको घाबरट आहे म्हणा.”

“अगं, झाकली मूठ आहे ती,” तो हळू आवाजात म्हणाला. “उघडली तर धाकटा काय म्हणेल? तो माझ्यापायी देवाचं करायला लागलाय.” आणि ताट सारून उठला. तिला वाटलं, रागावला. तो परसात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. ती अंथरुणावर कान देऊन पडून राहिली. तो आला, पाठ करून झोपला, आणि त्याचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

पहाटे ती टोपली घेऊन गिरणीमागे गेली. सतरंज्या अंथरून माणसं बसलेली, कुणी डुलक्या घेणारं, कुणी गाणारं. फळ्या काढून झाल्या होत्या. विहिरीच्या तोंडातून थंड, शिळा वास येत होता, खूप दिवस बंद असलेल्या पेटीचा यावा तसा. ती कठड्याशी घुटमळली तेव्हा घंटावाले काकांनी डोळे न उघडताच विचारलं, “कोण आहे?” “हत्यारं आणली,” ती म्हणाली आणि टोपली खाली ठेवली. कंदील तसाच पोत्याखाली राहिला.

ऊन वर आलं तशी मंडळी जमली. धाकट्याने तीन वाशांची तिवई उभी केली, कप्पी अडकवली, दोर ओवला. वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ती नेहमीपेक्षा लांबली. साक्षीवाला तेवढ्यात दोनदा झुडपाआड जाऊन आला.

त्याच्या कमरेला दोर बांधायचं काम वहिनीचं. ती बांधत असताना त्याने तिचे दोन्ही हात धरले, तोंडावरचा घाम पुसतोय असं दाखवत नाकाशी नेले आणि सोडले. त्याचा चेहरा उतरला. तिला काही उमगलं नाही.

“अहो,” ती पुटपुटली.

“बांध घट्ट,” तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते.

ते ओठ बघितल्यावर तिला दुसरं काही दिसेना. ती टोपलीकडे गेली, पोतं फेकलं, कंदील काढला आणि सगळ्या मंडळीदेखत काडी ओढली.

गाणं मधेच तुटलं. “वहिनी!” घंटावाले काका ओरडले. “हे काय? देवाची परीक्षा बघतेस?”

“देवाची नाही काका. विहिरीची बघते.”

कुणीतरी फिसकन हसलं. धाकटा लाजेने लाल झाला. “वहिनी, दादाची अब्रू काढतेस चारचौघांत? ठेव तो.” त्याने हात पुढे केला, पण तोवर कंदील कठड्याखाली गेला होता. ती दोर सोडत होती. एक पुरुष खोल, दोन पुरुष, तीन. खाली पिवळा ठिपका हलत होता. तळाचा गाळ त्या उजेडात चमकला, आणि ठिपका लहान झाला, निळसर झाला, गेला.

तिने वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला.

“वाऱ्याने,” कुणी म्हणालं.

“काचेच्या आत कुठला वारा?” दुसरं म्हणालं. वहिनीला वाटलं, सुटलो. आता तरी कुणी उतर म्हणणार नाही.

पण घंटावाले काकांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते अगदी मनापासूनचं होतं. “मंडळी! बघितलंत? जिथे माणसाचा दिवा विझतो तिथेच प्रभूचा महिमा दिसतो! आज दिसणार! साक्षीवाले, उतर!”

आणि गाणं पुन्हा सुरू झालं, आधीच्या दुप्पट आवाजात. बाया टाळ्या वाजवू लागल्या. कंदिलाने माणूस अडवायचा, तो त्या कंदिलानेच पुढे ढकलला. आगीतून काढून फुफाट्यात घातलं आपण, हे वहिनीला कळलं. नवऱ्याने एक पाय कठड्यापलीकडे टाकला. तिने त्याचा सदरा मुठीत धरला. ती नुसती मान हलवत राहिली.

तो तसाच बसला, एक पाय आत, एक बाहेर. गाणं एक कडवं झालं, दुसरं झालं. मग त्याने पाय बाहेर घेतला.

“मी उतरत नाही.”

गाणं थांबायला थोडा वेळ लागला.

“ही रोज पहाटे माझ्याआधी विहिरीवर जाते. कंदील सोडून बघते. मला चोरून.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “मला ठाऊक होतं. दोर बांधताना तिच्या हाताला रॉकेलचा वास यायचा. तो आला की मी गाणं म्हणत उतरायचो. नाही आला तर म्हणून न उतरण्याची सबब रोज तयार ठेवायचो. आज वास नव्हता.”

वहिनीने त्याचा सदरा सोडला. वर्षभर ती ज्या विश्वासाला भोक पाडतेय म्हणून झुरली, तो तिच्याच हातांवर उभा होता. तिला राग आला, कणव आली आणि दोन्हींत रडूही आलं.

“म्हणजे फसवलंस आम्हाला,” घंटावाले काका म्हणाले. कुणीतरी थुंकलं. पाळकसाहेब सतरंजीवर मटकन बसले.

“खोटं!” धाकटा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. “दादा, आज घाबरलास म्हणून खोटं बोलतोस. तू विश्वासानेच उतरायचास. मी बघितलंय!”

“नाही रे बाबा.”

“मी दाखवतो!”

कुणाला काही कळायच्या आत तो कठड्यावरून पलीकडे गेला होता. आतल्या भिंतीला जुने लोखंडी गज होते, पायऱ्यांसारखे. त्यांवरून तो सरसर उतरला, दोर नाही, काही नाही. “प्रभू! प्रभू!” अशा हाका विहिरीत घुमत खाली गेल्या. गाळात पाय पडल्याचा आवाज आला. “दादा, बघ!” तो खालून म्हणाला. मग खोकला. मग आणखी एक हाक, अर्धीच. मग काही नाही.

मंडळी गुडघ्यांवर आली. एकच आक्रोश झाला, ज्याला जी प्रार्थना आठवेल ती तो म्हणू लागला. वहिनीच्या डोळ्यांपुढे सासऱ्याचं तोंड आलं, गाळाने माखलेलं.

“तोंडाने प्रार्थना करा, पण हात रिकामे ठेवू नका!” ती किंचाळली. आपला एवढा मोठा आवाज आहे हे तिलाही माहीत नव्हतं. “पाणी! सगळं पाणी ओता! फांद्या तोडा!”

पहिली आली ती वस्तीतली एक म्हातारी. प्यायला आणलेला तांब्या तिने विहिरीत उपडा केला. मग पिंप आलं, प्रार्थनेला बसलेल्यांच्या कळशा आल्या. कुणी कडुलिंबाची फांदी मोडून दोराला बांधली आणि वेड्यासारखी वरखाली करू लागला. साक्षीवाल्याने दुसरा दोर खांद्यावर घेतला, उपरणं पाण्यात बुडवून तोंडाला बांधलं.

“अहो, अजून थोडी हवा जाऊ दे.”

“तोवर तो राहणार नाही.” त्याचे ओठ अजून पांढरेच होते. “मी दोर झटकला की ओढ. नाही झटकला तरी ओढ.”

त्याने गाणं म्हटलं नाही, देवाचं नावही मोठ्याने घेतलं नाही. छाती भरून श्वास घेतला आणि उतरला.

वहिनी दोर सोडत गेली. तळहातातून तो पळत होता आणि कातडी सोबत नेत होता. मग थांबला. तिला खालचं काहीच दिसत नव्हतं, फक्त दोराची थरथर हाताला कळत होती. आता वाकला असेल. आता बांधत असेल. श्वास धरून माणूस किती वेळ राहतो? तिने स्वतःचाही धरला होता आणि तो संपला होता. दोर झटकला गेला नाही.

“ओढा!”

पाळकसाहेब आधीच दुसऱ्या दोराला लागले होते, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. त्यांच्या मागे घंटावाले काका, त्यांच्या मागे वस्तीतल्या बाया. दोन्ही दोर जड होते. म्हणजे त्याने धाकट्याला बांधलं होतं. दोन्ही एकदम वर येत होते, भिंतीला घासत.

साक्षीवाला कठड्यावर पोट टेकून ओकला. जिवंत होता. धाकट्याला सावलीत आडवं केलं, तोंडातला गाळ काढला, छाती दाबली. त्याचा रंग राखेसारखा होता. वहिनी त्याच्या गालांवर चापट्या मारत होती, शिव्या देत होती, लहानपणीच्या नावाने हाका मारत होती. खूप वेळाने त्याच्या घशात घरघर झाली, तो खोकला आणि त्याने श्वास ओढला.

“आमेन!” घंटावाले काका हुंदका देत ओरडले. “प्रभूने वाचवलं! या पोराच्या विश्वासाने वाचवलं! रविवारी साक्ष!” आणि चारी बाजूंनी “आमेन, आमेन” सुरू झालं. वहिनीने ते ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून. आता याला विहिरी दाखवत फिरवतील.

धाकट्याने डोळे उघडले. तिला ओळखलं. तिचा पदर मुठीत धरून त्याने तिला खाली ओढलं आणि तिच्या कानाशी घोगऱ्या आवाजात म्हणाला, “वहिनी, मी हाका मारल्या गं. खूप मारल्या. खाली कोणीच नव्हतं. कोणी आलं नाही.”

त्याची ती भीती अशी होती की तिच्यापुढे वहिनीची वर्षभराची सगळी भीती काहीच नव्हती. त्याच्या डोळ्यांत ती तशीच्या तशी दिसत होती. वहिनीने त्याचं चिखलाचं डोकं छातीशी घेतलं.

“अरे वेड्या,” ती म्हणाली, “दादा आला ना.”

त्याने मान वळवली. भाऊ कठड्याला टेकून बसला होता, तोंड पुसायचंही भान नव्हतं. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला.

“काय म्हणतोय तो?” घंटावाले काका वाकले. “मोठ्याने सांग बाळा. काय दिसलं तुला खाली? मंडळीला ऐकू दे.”

“दादा आला,” धाकटा म्हणाला.

काकांनी आणखी दोनदा विचारलं. तो तेवढंच म्हणाला. मग पाळकसाहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला नेलं आणि मंडळीला घरी जायला सांगितलं. विहीर फांद्या घालून चार दिवस उघडी ठेवायची, रोज कंदील सोडायचा आणि तो मी स्वतः सोडेन, असं ते म्हणाले.

लोक पांगले. कुणीतरी धाकट्याच्या कमरेची गाठ सोडायला पुढे आलं. वहिनीने त्याचा हात झटकून टाकला. दोराचं दुसरं टोक तिने स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं आणि घर येईपर्यंत ते कुणाला सोडू दिलं नाही.